वीस यार्डांच्या रेघेवरचं गवत

मार्च महिन्यात ऑस्गुड कॉलेजच्या जिममध्ये सगळ्या नोकरवर्गाला बोलावलं, तेव्हा लायल क्रात्कीला वाटलं, चला, नव्या पंपाला मंजुरी मिळाली बहुतेक. एकतीस वर्षं तो कॉलेजचं अमेरिकन फुटबॉलचं मैदान राखत होता आणि त्यातली सहा वर्षं पंप मागत होता. पंपाचं नावही निघालं नाही. नवे क्रीडा संचालक ट्रेंट हॉलिंग्सवर्थ पांढरेशुभ्र बूट घालून पडद्यासमोर उभे राहिले. नेब्रास्कातल्या चिखलात दोन वर्षं काढूनही ज्याच्या बुटाला डाग पडत नाही, तो माणूस गाडीतून खाली उतरतच नसणार, असं लायलचं त्याच्याबद्दल मत होतं.

"यंदाची बेल रिव्हरविरुद्धची मॅच," ट्रेंट म्हणाला, "आपण एका वेगळ्याच उंचीवर नेतोय."

पडद्यावर चित्र आलं. राज्याची हद्द ओलांडून, चार तासांवरच्या शहरातलं छप्पर घातलेलं स्टेडियम. साठ हजार खुर्च्या. खाली प्लॅस्टिकचं गवत.

"तटस्थ मैदान," ट्रेंटने सांगितलं. "तीन वर्षांचा करार झालाय."

लायलने हात वर केला. "तटस्थ म्हणजे काय, साहेब?"

"म्हणजे असं बघा लायल, ते कुणा एकाचं नाही. म्हणजेच ते दोघांचं आहे."

"म्हणजे बसस्टँड."

मागच्या रांगेतले स्वयंपाकघरातले लोक हसले. ट्रेंटही हसला. त्याला हसायचं शिकवलेलं होतं. कुणी तोंडावर थुंकलं तरी हा माणूस "छान मुद्दा आहे" म्हणाला असता.

ऑस्गुड आणि बेल रिव्हर ही दोन गावं एकतीस मैलांवर. मधे मका, सोयाबीन आणि डुकरांचे गोठे. दोन्हीकडे एकेक छोटं कॉलेज, आणि त्यांची मॅच त्र्याण्णव वर्षं चाललेली. एका साली इथे, दुसऱ्या साली तिथे. बेल रिव्हरच्या पोराने ऑस्गुडची मुलगी केली, तर त्या शनिवारी नवरा-बायको वेगवेगळ्या गाड्यांनी मैदानावर जात. चर्चच्या तळघरात सकाळपासून चिलीची, म्हणजे खिमा-राजम्याच्या तिखट रश्श्याची, पातेली चढत, बरोबर दालचिनीचे रोल. यंदा पाळी ऑस्गुडची होती. म्हणजे लायलची. दोन वर्षांतून एकदा त्याचं गवत बेल रिव्हरच्या लोकांच्या डोळ्यांत खुपावं, यासाठी तो बाकीचे सातशे दिवस राबायचा.

त्या संध्याकाळी त्याला वेंडेल प्राइसचा फोन आला. वेंडेल म्हणजे बेल रिव्हरचं मैदान राखणारा. दोघांची ओळख तीस वर्षांची आणि भांडणही तितक्याच वर्षांचं.

"ऐकलंस का रे म्हाताऱ्या?" वेंडेल म्हणाला. "तुझं ते कुरण बघायचा त्रास वाचला माझा यंदा."

"माझ्या कुरणावर तुझी पोरं गेल्या खेपेला एकवीस पॉइंटांनी मार खाऊन गेली."

"गवताला पाय अडकले त्यांचे. कापायला विसरला होतास."

मग वेंडेल खाकरला. "आमच्याकडेही एक असाच आलाय. बाई आहे. म्हणते, मॅच म्हणजे मॅच नाही, अनुभव आहे."

"आमचा तर ती एका उंचीवर नेतोय."

"न्यायची तर ने म्हणावं, आणि वरून खाली सोड स्वतःला."

तीस वर्षांत पहिल्यांदाच दोघं एकाच गोष्टीवर हसले, आणि ते लक्षात येताच दोघांनीही घाईघाईने फोन ठेवला.

उन्हाळा गेला. लायलने नेहमीसारखं बी टाकलं, पाणी दिलं, उंदरांची बिळं बुजवली. त्याची बायको मार्डेल म्हणाली, "कुणासाठी करतोयस एवढं? मोठी मॅच तर तिकडे आहे."

"गवताला कुठे माहितीये?" तो म्हणाला.

पण रेघा मारताना त्याच्या तोंडातून शिव्या निघत. ट्रेंटला, कॉलेजच्या अध्यक्षांना, कराराला टाळ्या वाजवणाऱ्या त्या माजी विद्यार्थ्यांना, ज्यांनी ऑस्गुड सोडल्यावर ऑस्गुडचं पाणीही प्यायलं नव्हतं. लायलच्या मते त्या सगळ्यांची किंमत एक होती, आणि ती फार नव्हती.

ऑक्टोबरच्या शेवटी ट्रेंट मैदानावर आला. गाडीतून उतरला, पण धावपट्टीच्या डांबरावरच थांबला.

"लायल, मला तुमची मदत हवीये. परंपरेबद्दल."

लायलने मशीन बंद केली.

"लोक म्हणतात, आपण मुळं तोडतोय. तर मला एक कल्पना सुचली. आपण मूळच बरोबर न्यायचं. ह्या मैदानाचा एक तुकडा. तीन फूट बाय तीन फूट, मातीसकट. दोन टोकांच्या दोन वीस यार्डांच्या रेघांपैकी उत्तरेकडच्या रेघेवरचा. लाकडी पेटीत ठेवायचा. खेळाडू बोगद्यातून बाहेर पडताना त्याला हात लावतील. टीव्हीवर काय दिसेल सांगा! बेल रिव्हरही त्यांचा तुकडा आणतायत."

लायलला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग त्याने त्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. थट्टा नव्हती. स्वतः मॅच उचलून नेली, आता म्हणतो, मैदानाची कातडी सोलून दे, म्हणजे भिंतीवर लावतो. शिकारी निदान जनावर स्वतः मारतो.

"उत्तरेकडचा का?" त्याने विचारलं.

"कॅमेऱ्यासमोर 'उत्तरेकडचा' ऐकायला बरं वाटतं."

"होय साहेब," लायल म्हणाला.

मॅचच्या आदल्या दिवशी दुपारी त्याने गवत कापायचं अवजार पिकअपमध्ये टाकलं आणि मैदानाकडे न जाता तो गावाबाहेर निघाला. स्लेडेकच्या डुकरांच्या गोठ्यापाशी, कच्च्या रस्त्याच्या चरात, ब्रोमचं रानगवत माजलेलं होतं. गोठ्यातलं पाणी पावसात तिकडेच उतरायचं. त्याने तीन फूट बाय तीन फूट चौकोन कापला, एक बिअरचा डबा आणि कोंबडीचं एक हाड वेचून बाजूला टाकलं, वर कात्री फिरवून गवत बुटकं केलं आणि तुकडा पेटीत बसवला. एका कडेने खडूची पांढरी रेघही ओढली. काम फक्कड झालं होतं. घरी येऊन त्याने ते मार्डेलला दाखवलं.

मार्डेलने वाकून वास घेतला. "हे मैदानातलं नाही."

"त्यांना कुठे कळतंय? जन्मात कधी गुडघा टेकलाय का त्यांनी गवतावर?"

"त्यांना नाही कळणार," ती म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक नव्हतं. पण लायल इतका खुशीत होता, की ते त्याने मनावर घेतलं नाही.

शनिवारी स्टेडियमच्या पोटात त्याला बोगद्याच्या तोंडाशी उभं केलं. पेटी ओली ठेवायची, एवढंच काम. शेजारीच दुसरी पेटी घेऊन वेंडेल आला. त्याने नवा कोट घातला होता आणि तो कुणाच्या तरी अंत्यविधीला आल्यासारखा दिसत होता.

वर छप्पर, ऊन नाही, वारा नाही. सगळीकडून लोण्यात भाजलेल्या मक्याच्या लाह्यांचा वास. साठ हजार खुर्च्यांमध्ये फार तर सहा हजार माणसं, तीही अशी विखुरलेली की जणू कुणी मूठभर दाणे गोदामात फेकलेत. दोन्ही बँड जीव तोडून वाजवत होते आणि आवाज छपराला आपटून एकमेकांवर पडत होता. ऑस्गुडचं कुठलं आणि बेल रिव्हरचं कुठलं, तेच कळत नव्हतं.

"तटस्थ झालं," वेंडेल पुटपुटला.

मग त्याची नजर लायलच्या पेटीवर गेली. तो वाकला. एक पातं दोन बोटांत धरून त्याने उजेडाकडे केलं. पात्याच्या मधोमध इंग्रजी डब्ल्यूसारखी चुणी होती. ती चुणी ब्रोमवरच असते, मैदानाच्या ब्लूग्रासवर नाही.

"लायल," तो हळूच म्हणाला, "हे चरातलं आहे."

"स्लेडेकच्या गोठ्याजवळचं. खत आपोआप मिळतं तिथे."

वेंडेलला हसू आवरेना. तो खांबाला धरून हसला. पण डोळे पुसल्यावर त्याने स्वतःच्या पेटीकडे पाहिलं. तिच्यातलं गवत दाट, आखूड आणि गर्द होतं.

"तू खरं आणलंस?" लायलने विचारलं.

"सांगितलं होतं ना आणायला."

"अरे गाढवा!"

"असेन. कापताना जिवावर आलं. मग त्या जागी दुसरा तुकडा लावला, पण सांधा दिसतोच." वेंडेलने टोपी सारखी केली. "मला वाटलं, जायचंच आहे तर खरं तरी जाऊ दे."

लायलने खांदे उडवले. वेंडेल चांगला माणूस होता; चांगल्या माणसांना कुणीही वापरून घेतं.

कार्यक्रम सुरू झाला. भोंग्यातून आवाज आला, "ऑस्गुडच्या मैदानाची पवित्र माती, वीस यार्डांच्या उत्तरेकडच्या रेघेवरून!" पहिला ट्रेंट आला. कॅमेरा समोर होता. त्याने डोळे मिटले, तळहात ब्रोमवर टेकवला आणि ओठ हलवले. प्रार्थना करत असावा, किंवा आकडे मोजत. डुकरांच्या पाण्यावर वाढलेल्या त्या गवतावर क्रीडा संचालकाचा तो धुतलेला, गुळगुळीत हात बघून लायलच्या पोटात गुदगुल्या झाल्या. मागून अध्यक्ष आले, त्यांनीही हात टेकवला. मग खेळाडू धावत गेले. निम्म्यांचा हात पेटीला लागलाही नाही. लायलच्या एकतीस वर्षांच्या नोकरीतला हा सर्वांत सुखाचा क्षण होता म्हटलं तरी चालेल. त्या माणसांबद्दल त्याला जे जे वाटत होतं, ते सगळं त्याने तीन फूट बाय तीन फुटांत मांडून ठेवलं होतं आणि ते त्याला हात लावून नमस्कार करत होते.

पहिलं सत्र अर्ध्यावर आलं असेल, तेव्हा बोगद्याच्या बाजूच्या दारातून एक पहारेकरी एका म्हाताऱ्या बाईंना घेऊन आला. इर्मा टेसार. वय चौऱ्याऐंशी. अंगात ऑस्गुडचा तपकिरी स्वेटर, हातात काठी. लायल त्यांना चांगला ओळखत होता. सगळं गावच ओळखत होतं. त्यांचा नवरा एमिल चाळीस वर्षं गावाची ॲम्ब्युलन्स चालवायचा, फुकट, आणि प्रत्येक मॅचला मैदानाच्या कडेला गाडी लावून उभा असायचा. पाच पोरांना त्याने त्या गवतावरून उचललं होतं. त्यातला एक मान मोडूनही जगला, तो एमिलच्या हातांमुळे, असं डॉक्टरच म्हणाले होते. एमिलला जाऊन चार वर्षं झाली होती.

"लायल," इर्माबाई म्हणाल्या, "कॉलेजच्या बसने आले. चार तास. पाय सुजलेत बघ. त्यांनी बसमध्ये सांगितलं की वीस यार्डांचा तुकडा आणलाय म्हणून."

लायलने पेटीकडे पाहिलं. "मिसेस टेसार, तुम्ही कशाला एवढा त्रास घेतलात?"

"आपल्याकडे मॅच असली की दर वेळी मी तिथे जाऊन उभी राहते. एमिल उभा राहायचा तिथे. त्याला सूप नेऊन द्यायचे ना मी, थर्मासमधून. यंदा म्हटलं, मॅच इकडे, तर मीही इकडे." त्यांनी काठी वेंडेलच्या हातात दिली, जणू तो तिथे त्यासाठीच उभा होता, आणि पेटीची कड धरून एकेक गुडघा खाली टेकवू लागल्या. फार वेळ लागला. मग त्यांनी हातमोजा काढला आणि गवतावर हात ठेवला. सगळा हात, मनगटापर्यंत. त्या बोटं गवतात आत-बाहेर करत राहिल्या, झोपलेल्या माणसाच्या केसांतून फिरवावीत तशी.

वेंडेलने लायलकडे पाहिलं आणि मान फिरवली.

गप्प बसता आलं असतं. त्या उठल्या असत्या, बसमध्ये बसल्या असत्या, समाधानाने घरी गेल्या असत्या. लायलने तोही विचार केला. पण आता त्याला त्या गवताचा वास येऊ लागला होता, आणि बाईंची बोटं त्यातच होती.

"मिसेस टेसार," तो म्हणाला, "ते मैदानातलं नाही."

त्यांनी वर पाहिलं.

"स्लेडेकच्या गोठ्याजवळच्या चरातलं आहे. मला ह्या लोकांना..." त्याने मागे कुठेतरी हात केला. "ह्यांची लायकी दाखवायची होती."

त्यांनी हात काढून घेतला. स्वेटरला पुसला नाही, नुसता मांडीवर ठेवला. मैदानावर कुणीतरी टचडाउन केला होता. आरडाओरडा झाला आणि विरला.

"कुणाला दाखवलीस?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी शांत होता.

"ट्रेंटला. अध्यक्षांना."

"त्यांनी गवताकडे पाहिलं तरी का रे? मी वर पडद्यावर बघत होते. ते कॅमेऱ्याकडे बघत होते. तू शेणाचा पो ठेवला असतास तरी त्यांनी हात लावला असता. त्यांना काय फरक पडतो? ज्याला खऱ्याची गरजच नाही, त्याला खोट्याने कसं फसवशील तू?" त्यांना धाप लागली. "फसले कोण, सांगू? मी. चार तास बसमध्ये बसून आले, ती मी. एमिलसाठी डुकराच्या मुतावर गुडघे टेकले, ती मी. तू शहाणा, ते मूर्ख, असं तुला वाटतंय. मला इथून तुम्ही सगळे सारखेच दिसता."

लायलने त्यांना उठवायला हात पुढे केला. त्यांनी तो पाहिला आणि वेंडेलचा हात धरला. बेल रिव्हरच्या माणसाचा. ऑस्गुडच्या बाईने, त्या दिवशी. वेंडेलने त्यांना उभं केलं, काठी दिली, दारापर्यंत पोचवलं. परत आल्यावर आपली पेटी उचलून तो मॅच संपायच्या आधीच निघून गेला.

मॅच कोण जिंकलं ते लायलला परतीच्या वाटेवर पिकअपच्या रेडिओवरून कळलं. ऑस्गुड तीन पॉइंटांनी. त्याने रेडिओ बंद केला.

सोमवारी तो ट्रेंटच्या ऑफिसात गेला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. चर, गोठा, खडूची रेघ. नोकरी जाईल, हे त्याने धरूनच ठेवलं होतं. मार्डेललाही तसं सांगून आला होता.

ट्रेंटने लक्षपूर्वक ऐकलं. मग खुर्ची थोडी पुढे ओढली. "आणखी कुणाला माहितीये?"

"मिसेस टेसारना. आणि बेल रिव्हरच्या वेंडेलला."

"ते पेपरात वगैरे जातील?"

"नाही."

"मग काही प्रश्नच नाही!" ट्रेंटचा चेहरा खुलला. "लायल, तो शॉट इतका सुंदर आलाय म्हणून सांगू. पेटी आपण खाली दर्शनी दालनात लावतोय, काचेच्या आत. पितळी पाटीही करायला टाकलीये. प्रामाणिकपणे सांगितलंत, छान वाटलं. पण हे आपल्यातच राहू दे, काय?"

एकतीस वर्षांत लायलने अनेकांची घृणा केली होती: वाईट प्रशिक्षकांची, गवतावर गाडी घालणाऱ्यांची, उंदरांची. पण त्या घृणेला समोर काहीतरी लागायचं, आपटायला. इथे आपटायलाही काही नव्हतं. दार उघडून आत बघावं आणि आत खोलीच नसावी, तसा हा माणूस होता. इर्माबाईंना हे पडद्यावरून दिसलं होतं. ह्याच्याच हाताखाली दोन वर्षं राबूनही आपल्याला दिसलं नाही.

"काय लिहिणार पाटीवर?" त्याने विचारलं.

"'आमची मुळं.'"

लायल बाहेर पडला.

मंगळवारी तो इर्माबाईंच्या घरी गेला. त्यांनी दार उघडलं, पण आत घेतलं नाही.

"चला," तो म्हणाला. "मैदानावर नेतो."

"आता कशाला? शनिवार गेला."

"माहितीये."

"माफी मागायला आलास?"

"हो. पण ती तिथे मागतो. इथे तुम्ही दार लावून घ्याल."

त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग आत जाऊन कोट घातला. मैदानावर वारा जोरात होता. लायलने त्यांना छोट्या गाडीत बसवून गवतावरून नेलं. एरवी त्या गवतावर कुणी चाक घातलं असतं तर त्याने त्याचा गळा धरला असता. उत्तरेकडच्या वीस यार्डांच्या रेघेवर त्याने गाडी थांबवली आणि माफी मागितली. फार शब्द त्याला जमले नाहीत.

इर्माबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. "अरे, इथे काय करतोस? एमिल दक्षिणेला उभा राहायचा. फाटकाच्या बाजूला. ॲम्ब्युलन्स बाहेर काढायला सोपी म्हणून."

लायल थक्क झाला. "पण शनिवारी तुम्ही..."

"त्यांनी वीस यार्ड म्हटलं. मला वाटलं, असेल आपलंच. ते म्हणाले उत्तर, तर मीही उत्तर धरली. म्हातारी झाले, बाबा. भोंग्यातून सांगितलं की खरं वाटतं." मग कठोरपणे, "म्हणून तुझं माफ झालं असं समजू नकोस."

"नाही समजत."

"चल मग. दक्षिणेला."

तिथे त्या उतरल्या आणि काठीवर रेलून उभ्या राहिल्या. गवताला हात लावला नाही. बराच वेळ वाऱ्यात डोळे बारीक करून फाटकाकडे बघत होत्या.

"अजून दोन वर्षं तिकडेच होणार का रे?"

"करार तसाच आहे."

"म्हणजे मी शहाऐंशीची." त्यांनी एक शिवी दिली, जी लायलने त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती आणि ऐकेल असं वाटलंही नव्हतं. "त्यांना तिथे खेळू दे. पण हे फाटक बंद का ठेवता तुम्ही? मला यावंसं वाटलं तर कुणाला फोन करत बसू?"

फाटकाला कुलूप असावं, असा कॉलेजचा नियम होता; सात-आठ वर्षांपूर्वी विम्याच्या कुणीतरी घालून दिलेला. त्या संध्याकाळी लायलने कुलूप काढलं आणि ते पुन्हा घातलं नाही. आठवड्याभरात इर्माबाई दोनदा आल्या. मग शेजारच्या गल्लीतली दोन कुत्री आणि त्यांची माणसं. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवणं आटोपल्यावर गावातले पंधरा-वीस जण चेंडू घेऊन आले आणि अंधार पडेपर्यंत चिखलात लोळले; त्यांत दोघं बेल रिव्हरचे जावई होते, आणि बाकीच्यांनी त्यांना मनसोक्त लोळवलं. वीस यार्डांपाशी गवताची वाट लागली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ट्रेंटचं पत्र आलं: फाटक उघडं असल्याचं निदर्शनास आलं आहे, कृपया तातडीने कार्यवाही करावी. लायलने ते उभ्याउभ्या वाचलं, घडी घालून खिशात टाकलं आणि बियांचं पोतं खांद्यावर घेऊन, वाट लागलेल्या जागी बी फेकायला गेला. जमीन गोठण्याआधी बी पेरून ठेवलं, की वसंतात उगवतं.